दसऱ्याला काढलं की अडकतंच: किनारपट्टीवरच्या मॅग्नम रिव्हॉल्व्हरचा दरवर्षीचा त्रास

दसऱ्याच्या आसपास आमच्या दुरुस्तीच्या टेबलावर एकच तक्रार पुन्हा पुन्हा येते. पावसाळाभर कपाटात असलेलं रिव्हॉल्व्हर खंडेनवमीच्या पूजेसाठी बाहेर काढलं, आणि सिलिंडर, म्हणजे काडतुसं बसतात तो फिरता गोल भाग, फिरेना. कुणाचा फिरतो, पण एका घरावर (काडतूस बसतं त्या भोकावर) आला की घट्ट होतो. कुणाचा उघडतच नाही. मग तेल सोडून, हलवून-बिलवून तो मोकळा केला जातो आणि पुढच्या वर्षी तेच रिव्हॉल्व्हर तीच तक्रार घेऊन हजर. देवगडकडचे एक बागायतदार काका आपलं .३५७ मॅग्नम, म्हणजे जास्त दाबाच्या काडतुसाचं रिव्हॉल्व्हर, समोर ठेवत म्हणाले, “गेल्या वर्साच तेल घातलंय मां, मगे परत कित्याक अडाकता?” प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर नीट, मुळापासून द्यावं म्हणून हे लिहितो आहे.

बहुतेक जण उत्तर मॉडेलमध्ये शोधतात. अमेरिकन कंपन्यांपैकी कोल्ट नाजूक, रुगर दणकट, स्मिथ अँड वेसन मधलं, असं कुठेतरी वाचलेलं असतं. ते खोटं नाही. पण ही तुलना जिथे झाली तिथे माणूस एका वर्षात हजारो गोळ्या उडवू शकतो, आणि टिकाऊपणा म्हणजे किती गोळ्यांनंतर काय सैल झालं, काय तडकलं याचा हिशोब असतो. आपल्याकडे परवान्यावर मोजकी काडतुसं मिळतात, .३५७ ची तर महाग आणि दुर्मिळ. ऐंशीच्या दशकापासून सामान्य परवानाधारकाला विदेशी शस्त्र आयात करता येत नाही, त्यामुळे इथली बहुतेक मॅग्नम जुनी, हातोहात आलेली आहेत. ती उडतात कमी आणि पडून राहतात जास्त. श्रीवर्धनपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या पट्ट्यात त्यांची खरी परीक्षा खाऱ्या हवेत होते. म्हणून पहिला प्रश्न कुठलं मॉडेल चांगलं हा नाही. अडकतंय ते मिठाने की झिजेने, हे आधी ठरवायचं.

आधी नेमकं कुठे अडतंय ते पाहा

रिव्हॉल्व्हर रिकामं आहे याची खात्री डोळ्यांनी आणि बोटाने, सहाही घरं तपासून करा. सिलिंडर उघडतच नसेल आणि आत काडतुसं असतील, तर घरी काहीही ठोकू नका, पिळू नका. परवानाधारक दुरुस्तीवाल्याला आधी फोन करा, आत काडतुसं आहेत हे स्पष्ट सांगा आणि तो सांगेल तसंच आणा. हेही लक्षात असू द्या की शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम ५ प्रमाणे दुरुस्तीलासुद्धा परवाना लागतो. स्वच्छता मालकाने करावी, ती त्याने केलीच पाहिजे. पण आतली यंत्रणा खोलणं, घासणं, भाग बदलणं हे गॅरेजवाल्या ओळखीच्या मिस्त्रीचं काम नव्हे, तो कितीही हुशार असला तरी.

आता रिकामा सिलिंडर बाहेर काढा आणि बोटाने हळूच फिरवा. तो सगळीकडे सारखाच जड फिरत असेल, तर ज्या दांड्यावर तो फिरतो त्या क्रेनच्या (सिलिंडर बाहेर वळवणाऱ्या हाताच्या) दांड्यावर गंज किंवा चिकट तेल आहे. सिलिंडर जिथे फिरतो ती जागा बाहेरून दिसत नाही, म्हणून बाहेर चकाकणारं रिव्हॉल्व्हर आत गंजलेलं असू शकतं. बाहेर काढल्यावर मोकळा फिरतो, पण बंद करून घोडा ओढताना एकाच घरावर अडतो, असं असेल तर एजेक्टर रॉड (रिकामी काडतुसं बाहेर ढकलणारा दांडा) वाकलेला असण्याची शक्यता जास्त. सिलिंडर फिरवून रॉडच्या टोकाकडे पाहिलं की ते गोल गोल डोलताना दिसतं. कधी त्या एका घरामागचा दातच खराब झालेला असतो. रिकामा असताना काही त्रास नाही आणि काडतुसं भरली की अडतो, असं असेल तर काडतुसाचा मागचा कडा किंवा टोपी (घोड्याच्या ठोक्याने पेटणारा मागचा भाग) वर आली आहे, नाहीतर एक्स्ट्रॅक्टरच्या ताऱ्याखाली, म्हणजे रॉड दाबल्यावर काडतुसं उचलणाऱ्या ताऱ्याच्या आकाराच्या चकतीखाली, कचरा आहे.

या ताऱ्याखालच्या कचऱ्याबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण तो सगळ्यात लहान आणि सगळ्यात फसवा दोष आहे. रिकामी काडतुसं बाहेर ढकलताना नळी जमिनीकडे धरली, तर न जळलेल्या दारूचे कण घरंगळत ताऱ्याखाली जाऊन बसतात. एक कण पुरतो. तारा केसभर उचलला जातो, काडतुसं मागे सरकतात, फ्रेमच्या (रिव्हॉल्व्हरच्या सांगाड्याच्या) मागच्या भिंतीला घासतात आणि सिलिंडर करकचून बसतो. रॉड पूर्ण दाबून तारा वर धरायचा, खाली जुन्या टूथब्रशने झाडायचं, ताऱ्याची मागची बाजू कोरड्या फडक्याने पुसायची. तिथे तेल सोडायचं नाही. तेलावर पुढचा कण चिकटतो आणि मळाचा थर बनतो. यापुढे रिकामी काडतुसं काढताना नळी आकाशाकडे ठेवा, हा दोष पुन्हा बहुधा येणारच नाही.

सिलिंडर उघडतच नसेल आणि रिव्हॉल्व्हर स्मिथ अँड वेसनचं असेल, तर आधी एजेक्टर रॉडवर संशय घ्या. त्यांच्यात रॉडचं पुढचं टोक नळीखालच्या खिट्टीत अडकतं. रॉडचा आटा सैल होऊन तो जरासा बाहेर आला की खिट्टी सुटत नाही. १९६१ च्या सुमारापासून त्यांनी हा आटा डावा केला, म्हणजे आपल्या नेहमीच्या सवयीने घट्ट करायला गेलात तर तो सुटतो. त्याआधीच्या रिव्हॉल्व्हरांत आटा उजवा. रॉड फिरवताना सिलिंडरच्या निदान दोन समोरासमोरच्या घरांत रिकामी काडतुसं ठेवावी लागतात, नाहीतर ताऱ्याच्या जागा दाखवणाऱ्या बारीक पिनांवर ताण येतो. पक्कड थेट रॉडला लावलेली रिव्हॉल्व्हरं मी पाहतो तेव्हा वाईट वाटतं. दातांचे ते वण कायमचे राहतात.

मीठ तेलाने जात नाही

आता मूळ दुखण्याकडे. दरवर्षी तेल घालूनही दरवर्षी का अडकतं?

समुद्रावरून येणाऱ्या हवेत मिठाचे बारीक कण असतात. ते धातूवर बसतात. साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतलं पाणी ओढून ओलं होतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते तर ३५ टक्क्यांच्या आतच ओलं व्हायला लागतं. मिरगापासून गणपती होईपर्यंत स्वयंपाकघरातल्या बरणीतल्या मिठाची जी गत होते, तीच रिव्हॉल्व्हरच्या खाचेतल्या मिठाची होते. फरक इतकाच की खाली पोलाद असतं. त्या ओल्या मिठाच्या थेंबाखाली गंज सुरू होतो, आणि क्लोराइड गंजात खर्ची पडत नाही. पोलादाचा पुढचा थर, त्याच्या पुढचा थर, असं काम चालूच राहतं.

आपण करतो काय, तर या मिठावर तेल सोडतो. मीठ पाण्यात विरघळतं, तेलात विरघळत नाही. तेलाच्या थराखाली मीठ आणि ओल दोन्ही तशीच अडकून राहतात. तेलामुळे गंजाचा भुसा थोडा मऊ होतो, सिलिंडर फिरायला लागतो, काम झालं असं वाटतं. पुढच्या पावसाळ्यात तीच जागा पुन्हा पेटते. त्या बागायतदार काकांच्या रिव्हॉल्व्हरमध्ये तेल नको तितकं होतं, आणि क्रेनच्या दांड्यावर त्या तेलाखाली लालसर तपकिरी पट्टा गोलाकार उठलेला होता, बोटाला खरखरीत लागणारा. मधल्या भागात पोलादात सुईच्या टोकाएवढे खड्डे पडले होते.

म्हणून पहिलं औषध पाणी. हे ऐकून लोक दचकतात. पण ब्रिटिश काळातल्या .३०३ रायफलीच्या काडतुसांच्या टोप्यांतून क्षार पडायचे आणि तेव्हा शिपाई नळीत उकळतं पाणी ओतूनच ती साफ करत. तेल त्यानंतर. तीच पद्धत इथे लागू आहे. फक्त पाणी विहिरीचं घेऊ नका. किनाऱ्यालगतच्या पुष्कळ विहिरींचं पाणी उन्हाळ्याअखेर मचूळ होतं, म्हणजे तुम्ही पुन्हा मीठच घालाल. पेट्रोल पंपावर किंवा बॅटरीच्या दुकानात मिळणारं डिस्टिल्ड वॉटर स्वस्त असतं, तेच वापरा. ग्रिप (मुठीवरच्या पट्ट्या) काढून ठेवायच्या. लाकडी असोत वा रबरी, त्यांना पाणी लागू द्यायचं नाही. मोकळा केलेला सिलिंडर आणि क्रेन, नळीचा आतला भाग, फ्रेमची खिडकी (सिलिंडर बसतो ती मोकळी जागा) यांवर चांगलं गरम पाणी ओतायचं, मऊ ब्रशने खाचा घासायच्या, पुन्हा ओतायचं. धातू गरम झालेला असल्यामुळे बरंचसं पाणी आपोआप उडून जातं. उरलेलं सुती फडक्याने टिपायचं, नळीत पुलथ्रूने, म्हणजे साफसफाईच्या दोरीने, कोरडी चिंधी ओढायची, आणि मग उन्हात किंवा दिव्याखाली हाताला ऊब लागेल इतकंच तापवून कोरडं करायचं. त्यानंतर, आणि त्यानंतरच, पातळ तेलाचा हात. पाणी आतल्या यंत्रणेत शिरलं असेल असं वाटलं तर ते वाळायची वाट पाहत बसू नका, दुरुस्तीवाल्याकडे न्या. स्मिथ अँड वेसन आणि कोल्टमध्ये बाजूची प्लेट काढल्याशिवाय आतलं पाणी दिसत नाही, आणि ती प्लेट स्क्रू ड्रायव्हर खुपसून उचकटली की तिची कड कायमची उठते.

वर आलेला हलका गंज काढायला पॉलिश पेपर लावू नका. तेलात भिजवलेला पितळी तारेचा ब्रश किंवा तांब्याचा जुना पैसा पोलादापेक्षा मऊ असतो. तो गंज उचलतो, पोलादावरचा निळा संरक्षक थर फारसा ओरबाडत नाही. पितळेची भांडी चकचकीत करायचं पॉलिश तर मुळीच नको. त्यात घासणारी पूड असते आणि बऱ्याचदा अमोनियाही असतो. निळा थर त्याने निघून जातो. ज्या निकेल मुलाम्याखाली तांब्याचा थर दिलेला असतो, तिथे एखाद्या ओरखड्यातून अमोनिया आत शिरला की मुलामा पापुद्रे धरतो.

चिपळूणला २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत आणि घरांत शिरलं, तेव्हा कपाटांसकट शस्त्रंही पाण्याखाली गेली. तो गाळ मिठापेक्षा वेगळा, पण धडा तोच: ज्यांनी पहिल्या दिवशी स्वच्छ पाण्याने गाळ धुऊन, मग डिझेलमध्ये बुडवून पाणी हुसकावलं, त्यांची शस्त्रं वाचण्याची शक्यता कितीतरी जास्त. ज्यांनी ओल्या गाळावर तेल ओतून ती फडक्यात गुंडाळली, त्यांच्या आतल्या स्प्रिंगा पहिल्यांदा गेल्या.

खोबरेल, चामडं आणि पूजा

कोकणात घरी हाताशी असतं ते खोबरेल. कडीला तेच, कुलपाला तेच, बंदुकीलाही तेच. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजायला लागतं. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे आंबोलीच्या पायथ्याच्या गावांत ते बाटलीत पांढरं होतं, तसंच घोड्याच्या फटीतही होतं. घोडा जड पडतो, टोपीवर ठोका कमी बसतो, काडतूस उडत नाही. त्याहून वाईट म्हणजे कुठलंही खायचं तेल हवेने हळूहळू खवट होतं आणि चिकट राळेसारखा थर सोडतं. सिलिंडर थांबवणारी खिट्टी एका बारीक स्प्रिंगवर चालते. त्या थरात ती अडकली की सिलिंडर आपल्या घरावर न थांबता पुढे जातो, आणि मालक म्हणतो, टायमिंग (घोडा आणि सिलिंडर यांचा मेळ) गेलं. टायमिंग गेलेलं नसतं. राकेलने धुतलं की सगळं जागेवर येतं. शिलाई मशीनचं तेल चालेल, शस्त्रांसाठीचं मिळालं तर उत्तम. थेंब मोजून घाला.

तेल जास्त झालं की आणखी एक नुकसान होतं, जे लगेच कळत नाही. भरलेल्या रिव्हॉल्व्हरच्या घरांत तेल असेल तर ते महिनोन्‌महिने हळूहळू टोपीच्या कडेने आत झिरपतं आणि टोपी निकामी होते. घरं नेहमी कोरडी पुसलेली हवीत. काडतुसांवर हिरवा कळंक दिसला, विशेषतः चामडी पट्ट्याच्या घरात वर्षानुवर्षं खोचून ठेवलेल्या काडतुसांवर, तर ती बाजूला काढा. त्या कळंकाने फुगलेलं काडतूस घरात अर्ध्यावर रुततं आणि सिलिंडर बंदच होत नाही.

चामडी होल्स्टर फक्त कमरेला लावण्यासाठी. त्यात रिव्हॉल्व्हर ठेवून कपाट बंद करू नका. कमावलेल्या चामड्यात आम्ल आणि क्षार असतात, आणि चामडं ओल धरतं. होल्स्टरमध्ये पावसाळा काढलेल्या रिव्हॉल्व्हरवर शिवणीची रेघ गंजाने उमटलेली दिसते, इतकी स्पष्ट की टाके मोजता येतात. आत फोम लावलेली शोभेची पेटीही तशीच. फोम ओल शोषतो. आणि ग्रिपच्या खाली वर्षातून एकदा तरी पाहा. एकच स्क्रू असतो. रबरी ग्रिपखाली हाताचा घाम जाऊन बसतो, बाहेरून काही दिसत नाही.

पूजेबद्दल मनापासून सांगतो, कुणी गैरसमज करून घेऊ नये. शस्त्राची पूजा जरूर करावी. फक्त हळद-कुंकू आणि ओली फुलं थेट धातूवर न वाहता खाली पाट आणि फडकं ठेवून त्यावर वाहावीत. नाहीतर आरती झाली की त्याच संध्याकाळी शस्त्र पुसून ठेवावं. निळ्या थरावर झेंडूचं ओलं फूल रात्रभर राहिलं तर सकाळी पाकळ्यांचा डाग दिसतो. घोड्याच्या फटीत गेलेलं कुंकू तेलात कालवलं जाऊन तिथेच बसतं.

मीठ गेलं, तरी अडतंय: मग झीज मोजा

धुऊन, वाळवून, नीट तेल देऊनही सिलिंडर अडत असेल, तर आता झिजेचा विचार. दोन मापं मालकालाही कळायला हवीत. गॅरेजमध्ये टॅपेट लावायला वापरतात ते फिलर गेज पुरतं.

सिलिंडरचं पुढचं तोंड आणि नळीचं मागचं तोंड यांच्यात फट असते. रिकाम्या, बंद रिव्हॉल्व्हरमध्ये सिलिंडर बोटाने मागे दाबून ही फट मोजा, मग पुढे ओढून मोजा. मागे दाबल्यावर ०.१० ते ०.२० मिलिमीटर असणं ठीक. दोन मापांमधला फरक म्हणजे सिलिंडरची पुढे-मागे हालचाल, कारागीर तिला एंड शेक म्हणतात. ती ०.०५ मिलिमीटरपर्यंत असेल तर निर्धास्त राहा. ०.१२ च्या वर गेली तर आणखी गोळ्या उडवू नका. जास्त एंड शेक असलेला सिलिंडर दर गोळीला पुढे जाऊन नळीला आणि मागे येऊन फ्रेमला हातोड्यासारखा आदळतो, आणि झीज स्वतःच स्वतःला वाढवत नेते. पहिल्या काही गोळ्या सुरळीत उडतात आणि तापल्यावर सिलिंडर अडतो, याचं कारणही बहुधा इथेच असतं: पुढची फट बंद झालेली असते आणि तिथे काजळी भरते. इलाज म्हणजे क्रेनच्या दांड्याच्या टोकाला, सिलिंडरच्या आत, बारीक पोलादी वॉशर बसवणं. चांगल्या कारागिराला ते अवघड नाही.

दुसरी तपासणी टायमिंगची. घोडा अगदी सावकाश मागे ओढा, दुसऱ्या हाताचं बोट सिलिंडरला जरासं टेकवून त्याला किंचित रोखा. घोडा पूर्ण मागे अडकायच्या आधी किंवा त्याच क्षणी सिलिंडरची खिट्टी खाचेत टक करून बसली पाहिजे. सहाही घरांवर करा. एखाद्या घरावर घोडा अडकला पण सिलिंडर अजून थोडा मागेच असेल, तर गोळी नळीच्या काठाला घासून शिश्याचे कण बाजूला फेकते. अशा रिव्हॉल्व्हरने गोळी उडवू नये, एकसुद्धा.

आता मॉडेलची गोष्ट

इथे खरंच फरक पडतो. दाबाचा अंदाज यावा म्हणून: .३५७ मॅग्नमची मान्य मर्यादा ३५,००० पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड दाब), .३८ स्पेशलची १७,०००, आणि आपल्याकडे सर्रास दिसणाऱ्या कानपूरच्या .३२ रिव्हॉल्व्हरमध्ये चालणाऱ्या .३२ लाँगची त्याहूनही कमी. कानपूरच्या रिव्हॉल्व्हरचा अनुभव मॅग्नमला लावून चालत नाही.

स्मिथ अँड वेसनने १९३५ मध्ये .३५७ मॅग्नम आणलं ते मोठ्या एन फ्रेमवर. पुढे १९५५ मध्ये कमरेला हलकं पडावं म्हणून मधल्या के फ्रेमवर कॉम्बॅट मॅग्नम काढलं, जे १९५७ पासून मॉडेल १९ म्हणून ओळखलं जातं. त्याचं स्टेनलेस भावंड मॉडेल ६६. इथे येणाऱ्या जुन्या मॅग्नमांत ही दोन्ही बरीच दिसतात. यांचा नाजूक भाग म्हणजे नळीच्या मागच्या तोंडाचा फोर्सिंग कोन, जिथून गोळी सिलिंडरमधून नळीत शिरते. क्रेनला जागा करून द्यायला त्याची खालची बाजू सपाट कापलेली आहे आणि नेमकी तिथे भिंत पातळ आहे. मूळ १५८ ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळीने फारसं बिघडत नव्हतं. पुढे १२५ ग्रेनच्या हलक्या, वेगवान गोळ्यांचा वापर वाढला तेव्हा ज्वाळेचा आणि गोळीचा धक्का त्या पातळ भिंतीवर बसू लागला, आणि तिथे तडे जाऊ लागले. जुनं मॉडेल १९ विकत घेताना सिलिंडर बाहेर काढून, बॅटरी धरून, नळीच्या मागच्या तोंडाची खालची बाजू भिंगाने पाहा. केसासारखी काळी रेघ दिसली, पुसून जात नसली, तर व्यवहार थांबवा. नळी बदलणं हा एकच इलाज आहे, आणि ती नळी मिळवणंच कठीण. फ्रेमच्या वरच्या पट्टीवर ज्वाळेने कोरलेली बारीक चरही दिसते, पण ती ठराविक खोलीपर्यंत जाऊन थांबते. तिला घाबरायचं कारण नाही.

याच दुखण्यावर त्यांनी १९८० च्या सुमारास जाड एल फ्रेम आणली: ५८६ निळं, ६८६ स्टेनलेस. त्यात फोर्सिंग कोनला पूर्ण गोलाई मिळाली. पण अडकण्याच्या तक्रारीसाठी एक गोष्ट इथे तपासाच. सुरुवातीच्या ५८६-६८६ मध्ये काही काडतुसांच्या टोप्या फायरिंग पिनच्या छिद्रात फुगून शिरायच्या आणि सिलिंडर जाम व्हायचा. १९८७ मध्ये कंपनीने ती परत बोलावून दुरुस्त करून दिली आणि दुरुस्त केलेल्यांवर मॉडेल नंबरानंतर एम अक्षर ठोकलं. क्रेन उघडल्यावर फ्रेमवर नंबर दिसतो. जुन्या मालिकेचं असून पुढे एम नसेल, तर उडवल्यावर अडकण्याचं कारण बहुधा तिथेच सापडेल.

कोल्ट पायथन, १९५५ चं. त्याची घासाई आणि निळी झळाळी पाहून माणूस हरखतो, आणि ज्याच्या घरी आजोबांच्या काळापासून आहे त्याने ते विकू नये असंच मी म्हणेन. चाप पूर्ण दाबून धरल्यावर त्याचा सिलिंडर जरासुद्धा हलत नाही, कारण आतला फिरवणारा भाग, ज्याला हँड म्हणतात, तो गोळी सुटेपर्यंत सिलिंडरला दाबून धरतो. अचूकपणा त्यातूनच येतो आणि झीजही त्यातूनच. दर गोळीचा धक्का त्या हँडच्या टोकावर बसतो. जुन्या पायथनचं टायमिंग इतरांपेक्षा लवकर बिघडतं आणि ते पुन्हा बसवायला हाताने भाग जुळवणारा जुना कारागीर लागतो. नवा भाग आणला आणि बसवला असं होत नाही. खाऱ्या हवेत त्याचा निळा थरही फार जपावा लागतो. २०२० मध्ये कोल्टने पायथन पुन्हा आणलं ते स्टेनलेसमध्ये आणि आतली रचना बदलून, त्याचा हिशोब वेगळा. इथल्या घरांत आहे ते जुनंच.

रुगरचं सिक्युरिटी-सिक्स १९७२ चं, जीपी१०० १९८५ चं. किनाऱ्यावर राहणाऱ्याला मी डोळे झाकून हीच सुचवतो, आणि त्याचं कारण फक्त जाड फ्रेम हे नाही. यांना बाजूची प्लेटच नाही. चाप आणि त्याची यंत्रणा एक अख्खा संच म्हणून खालून बाहेर येते, त्यामुळे दुरुस्तीवाला ती काढून राकेलने धुऊन, वाळवून, तेल देऊन त्याच दिवशी परत बसवतो. मीठ लपायला जागा कमी आणि काढायला सोपी. मुख्य स्प्रिंग गुंडाळीची आहे. जीपी१०० मध्ये पुढची खिट्टी रॉडवर नसून थेट क्रेनमध्ये आहे, म्हणून रॉड सैल होऊन सिलिंडर न उघडण्याचा तो स्मिथचा त्रास इथे येत नाही. घडण पायथनइतकी देखणी नाही. पण वेंगुर्ल्याच्या किंवा हर्णैच्या घरात वीस वर्षांनी कोण सुरळीत फिरेल असं विचाराल, तर माझं मत रुगरच्या बाजूने.

.४४ मॅग्नम इथे क्वचितच येतं. १९५५-५६ च्या मॉडेल २९ बद्दल एवढंच, की जड गोळ्यांच्या धक्क्याने त्यातला सिलिंडर सुटून उलटा फिरायचा, आणि ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस खाचा लांब करून कंपनीने ते सुधारलं. फ्रान्सचं मानुरिन एमआर७३ टिकाऊपणात सगळ्यांच्या वर धरलं जातं, तिथल्या जीआयजीएन या कमांडो दलाने ते वर्षानुवर्षं वापरलं.

स्टेनलेस घेतलं म्हणजे सुटलो, असंही समजू नका. आपली जेवणाची ताटं बहुधा ३०४ जातीच्या स्टीलची. ही रिव्हॉल्व्हरं ४०० मालिकेतल्या स्टीलची, कारण ती कडक करता येते. तिच्यात क्रोमियम कमी असतं आणि निकेल जवळपास नसतंच, म्हणून क्लोराइडने तिच्यातही खड्डे पडतात. निळ्या पोलादावर दोन महिन्यांत दिसतं ते इथे दोन वर्षांत दिसेल, इतकाच फरक धरा. आतल्या स्प्रिंगा तर बऱ्याचदा साध्या पोलादाच्याच.

ठेवताना आणि जमा करताना

कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, पण त्या बदलायच्या असतात हे लक्षात ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की त्या भरल्या. कढईत मंद आचेवर पुन्हा निळे होईपर्यंत परतल्या की नव्यासारख्या होतात. पावसाळ्यात ओल इतकी असते की एक पुडी महिनाभरही पुरत नाही. महिन्यातून एकदा, पाऊस उघडीप देईल तेव्हा, रिव्हॉल्व्हर काढून क्रेन, ग्रिपच्या कडा आणि फ्रेमची वरची पट्टी पाहायची. हात घामेजलेले असतील तर पुसून घ्यायचे.

निवडणुकीच्या आचारसंहितेत शस्त्र ठाण्यात जमा करावं लागलं, तर जमा करायच्या आदल्या दिवशी ते धुऊन, पूर्ण वाळवून, नेहमीपेक्षा थोडं दाट तेल द्या आणि यंत्रांचे सुटे भाग ज्यात येतात तशा गंजरोधक व्हीसीआय कागदात गुंडाळा. होल्स्टर देऊ नका. प्लास्टिकच्या बंद पिशवीत ठेवायचं असेल तर आत सिलिका जेल टाकाच, नाहीतर आत कोंडलेली ओल बाहेर जात नाही. पावतीवर बोअर, मॉडेल आणि नंबर बरोबर लिहून घ्या, शक्य असेल तर त्यावेळची स्थिती दाखवणारा फोटो काढून ठेवा. परत मिळालं की कागद काढून सरळ तेल सोडायची घाई नको. पुन्हा गरम डिस्टिल्ड पाणी, कोरडं फडकं, ऊन, आणि मग तेल.